आयन रँडच्या आधी आणि नंतर

१९४३ साली अमेरिकेत तीन बायकांची तीन पुस्तकं एकाच वर्षात बाहेर पडली. इझाबेल पॅटरसनचं ‘द गॉड ऑफ द मशीन’, रोझ वाइल्डर लेनचं ‘द डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम’ आणि आयन रँडची कादंबरी ‘द फाउंटनहेड’. महायुद्ध ऐन भरात होतं, रुझवेल्टच्या ‘न्यू डील’ला दहा वर्षं झाली होती. सरकार किमती ठरवत होतं, रेशनिंग करत होतं, आणि युद्ध संपल्यावरही अर्थव्यवस्था अशीच वरून चालवावी असं भलीभली शहाणी माणसं म्हणत होती. या तिघींचं म्हणणं नेमकं उलट होतं. पॅटरसन ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये पुस्तकांवर सदर लिहायची; लेन ही ‘लिटल हाउस’ मालिकेच्या लॉरा इंगल्स वाइल्डरची मुलगी. या दोघींची पुस्तकं आज अभ्यासकांपुरती उरली आहेत. रँडची कादंबरी आधी डझनभर प्रकाशकांनी नाकारली होती. जाहिरातीपेक्षा वाचकांच्या तोंडून तिचं नाव पसरलं आणि ती आजही खपते आहे.

आपल्याकडेही या विचारांकडे येणारा वाचक बहुधा ‘फाउंटनहेड’च्याच दारातून आत शिरतो. वय अठरा-एकोणीस, कॉलेज इंजिनिअरिंगचं नाहीतर आर्किटेक्चरचं, प्रत फुटपाथवरून घेतलेली. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादांमुळे ‘फाउंटनहेड’ आणि ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ या दोन्ही कादंबऱ्या आता मराठीतही आहेत. पंधरा-वीस दिवस हा वाचक ‘फाउंटनहेड’चा नायक हॉवर्ड रोर्क होऊन हिंडतो. त्यानंतर एक तर तो रँडचा भक्त होतो, नाहीतर तिशीत पोचल्यावर ‘त्या वयात सगळेच वाचतात’ म्हणून हसून मोकळा होतो. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. रँडच्या आजूबाजूला, तिच्याहून शांत आणि काही ठिकाणी तिच्याहून पक्कं असं बरंच लिखाण आहे. तिथवर ते पोचतच नाहीत.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. रँडचा ऑब्जेक्टिव्हिझम म्हणजे वस्तुनिष्ठवाद हे संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. जग आपल्या इच्छेवर अवलंबून नाही, ते कळायला बुद्धीखेरीज साधन नाही, माणसाने स्वतःसाठी जगणं हीच नीती, आणि म्हणून भांडवलशाही हीच न्याय्य व्यवस्था, अशी ती पायरीपायरीने वर चढते. कला कशी असावी हेसुद्धा त्यात येतं. लिबर्टेरियन म्हणवणाऱ्यांचा दावा याच्या मानाने आटोपशीर आहे. कुणी कुणावर बळजबरी सुरू करू नये, आणि हा नियम सरकारलाही लागू असावा. हे मानणारा माणूस देवभक्त असू शकतो, उपयुक्ततावादी असू शकतो, किंवा नीतीचा पाया काय याबद्दल त्याचं काहीच मत नसू शकतं. रँडला याचाच संताप यायचा. १९७१ साली अमेरिकेत लिबर्टेरियन पक्ष निघाला तेव्हा तिने त्याची निंदाच केली. ही मंडळी म्हणजे उजव्या बाजूचे हिप्पी, असं तिचं मत होतं. तिला गुरुस्थानी मानून त्या पक्षात गेलेले लोक मात्र पुष्कळ होते.

या लेखकांना एकत्र आणतो तो एक प्रश्न: राज्यसंस्था किती असावी? उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. नवख्या वाचकाने हा प्रश्न हातात धरूनच या पुस्तकांमध्ये शिरावं, म्हणजे कुणाच्याही शैलीने वाहून जायला होत नाही.

सुरुवात फ्रेडरिक बास्तियापासून करावी. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला बायोन इथे १८०१ साली जन्मलेला हा माणूस १८५० साली रोममध्ये क्षयाने गेला, आणि त्याचं महत्त्वाचं बहुतेक लिखाण शेवटच्या पाच-सहा वर्षांतलं आहे. १८४५ साली त्याने मेणबत्तीवाल्यांच्या नावाने संसदेला एक खोटा अर्ज लिहिला. सूर्य नावाचा परदेशी प्रतिस्पर्धी फुकटात उजेड विकून आमचा धंदा बुडवतो आहे, तेव्हा दिवसा सगळ्या खिडक्या बंद ठेवण्याचा कायदा करा, अशी मागणी. आयात मालावर जकात मागणाऱ्या कारखानदारांची इतक्या मोजक्या शब्दांत टर पुढे क्वचितच कुणी उडवली असेल. मृत्यूच्या वर्षी लिहिलेल्या निबंधात फुटलेल्या काचेची गोष्ट आहे. पोराने दुकानाची काच फोडली. लोक म्हणतात, असू दे, काच बसवणाऱ्याला तर काम मिळालं. बास्तिया विचारतो, तेच सहा फ्रँक दुकानदाराने जोड्यांवर खर्च केले असते, त्या चांभाराचं काय? काचवाला दिसतो, चांभार दिसत नाही. सरकारी खर्चाने किती रोजगार निर्माण झाला याची बातमी वाचताना हा न दिसणारा चांभार आठवला, तर बास्तियाचं अर्धं काम झालं.

हीच गोष्ट अमेरिकन पत्रकार हेन्री हॅझलिटने १९४६ साली ‘इकॉनॉमिक्स इन वन लेसन’मध्ये भाडेनियंत्रण, किमान वेतन, जकात अशा एकेका विषयाला लावून दाखवली. पुस्तक सोपं आहे, जरा जास्तच सोपं. प्रत्येक प्रकरणात सरकार चुकतं आणि बाजार बरोबर ठरतो. दहाव्या प्रकरणानंतर वाचकाला निकाल आधीच माहीत असतो. थोडं वाचून बाजूला ठेवलं तरी चालेल.

फ्रीडरिश हायेक या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाचा एक निबंध मात्र अजिबात टाळू नये. ‘द यूज ऑफ नॉलेज इन सोसायटी’, १९४५, जेमतेम बारा पानांचा. त्यामागे पंचवीस वर्षांचा वाद आहे. १९२० साली व्हिएन्नात लुडविग फॉन मिझेसने म्हटलं होतं की यंत्रं, जमीन, कच्चा माल यांची खरेदी-विक्रीच नसेल तर त्यांच्या किमती ठरणार नाहीत, आणि किमती नसतील तर समाजवादी सरकारला कुठली गोष्ट कशातून बनवणं परवडतं याचा हिशेबच करता येणार नाही. ऑस्कर लांगे या पोलिश अर्थतज्ज्ञाने उत्तर दिलं की नियोजन मंडळ किमती जाहीर करेल, तुटवडा पडला तर वाढवेल, माल पडून राहिला तर उतरवेल. कागदावर हे बिनचूक होतं. हायेकने वादाची जागाच बदलली. तो म्हणाला, अडचण गणिताची नाही, माहितीची आहे. अर्थव्यवस्था चालवायला लागणारी माहिती कुणा एकाजवळ कधीच नसते. ती लाखो माणसांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असते. कुठला ट्रक परतीच्या फेरीला रिकामा जातो, कुठल्या कारागिराचा हात कशावर बसला आहे, कुठल्या शिवारात यंदा पाऊस उशिरा पडला. ही माहिती आकडेवारीच्या तक्त्यात मावत नाही आणि दिल्लीला किंवा मॉस्कोला पोचेपर्यंत शिळी होते.

त्याचं उदाहरण कथिलाचं आहे. जगात कुठेतरी कथिलाची एखादी खाण बंद पडली, किंवा कथिल लागणारा नवा उद्योग निघाला. भाव वाढतो. हजारो कारखानदारांना कारण ठाऊक नसतं, त्याची गरजही नसते. भाव वाढला एवढ्यावरून जो तो कथिल जपून वापरतो, पर्याय शोधतो, मग त्या पर्यायाचा भावही हलतो. कुणी हुकूम सोडलेला नसताना सगळे योग्य दिशेने सरकतात. किंमत म्हणजे बातमी आहे, आणि ती दाबली तर माणसं आंधळी होतात.

लासलगावच्या कांदा उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. भाव चढला की निर्यातबंदी, हा त्याचा जुना अनुभव. डिसेंबर २०२३ मधली बंदी ही त्यातली अलीकडची. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून जी मांडणी उभी केली, तिचा शेवट त्यांना हायेकच्या शेजारी घेऊन गेला. सुरुवात ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या मागणीने झाली होती, म्हणजे दाम देण्याची अपेक्षा सरकारकडूनच होती. नव्वदच्या दशकात मात्र जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं उघड समर्थन करण्यापर्यंत ते आले. तेव्हा डावे, उजवे आणि मधले, सगळेच त्यांच्यावर तुटून पडले होते. इंग्रजी पुस्तकांआधी मराठीत काही वाचायचं असेल त्याने जोशींचं ‘खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने’ उघडावं. त्यातला माणूस ग्रंथालयातून बोलत नाही, आंबेठाणच्या कोरडवाहू शेतावरून बोलतो.

हायेकचं गाजलेलं पुस्तक ‘द रोड टू सर्फडम’ त्याच्या त्या निबंधाच्या एक वर्ष आधीचं, १९४४ सालचं. ते त्याने सगळ्या पक्षांतल्या समाजवाद्यांना अर्पण केलं आहे, आणि तो टोमणा नव्हता. आपल्या इंग्रज मित्रांचे हेतू चांगले आहेत हे त्याला मान्य होतं. सर्वंकष नियोजन करायचं तर कुणाची गरज आधी हे कुणीतरी ठरवावं लागतं, त्यावर सगळ्यांचं एकमत होत नाही, मग तो अधिकार एका हाती जातो आणि कायद्याचं राज्य मागे पडतं, असा त्याचा युक्तिवाद आहे. एप्रिल १९४५ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने त्याचा संक्षेप छापला आणि हा अबोल प्राध्यापक अमेरिकेत रातोरात प्रसिद्ध झाला. संक्षेप वाचून मत बनवणाऱ्यांनी मूळ पुस्तकातली एक गोष्ट सोडून दिली. अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी सरकारने द्यावी, आजारपण आणि अपघात यांच्या विम्याची सोय करायला मदत करावी, याला हायेकचा विरोध नव्हता. रँडने आपल्या प्रतीच्या समासात या सौम्यपणाबद्दल हायेकला शेलक्या शिव्या घातल्या आहेत. त्या पुढे छापूनही आल्या.

इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सने हे पुस्तक ब्रेटन वुड्सच्या परिषदेला जाताना बोटीवर वाचलं आणि हायेकला पत्र लिहिलं. नैतिक अंगाने त्याला ते जवळजवळ सगळं पटलं होतं. पण रेष कुठेतरी ओढावी लागणार हे तुम्ही कबूल करता आणि ती कुठे ते सांगत नाही, असा त्याचा आक्षेप होता. जॉर्ज ऑर्वेलने परीक्षणात लिहिलं की सामूहिक मालकीतून हुकूमशाही येऊ शकते हे खरं, पण मोकळी स्पर्धा बहुसंख्य लोकांसाठी याहून बेजबाबदार जुलूम ठरेल. हे दोन आक्षेप पुस्तकासोबतच वाचायला हवेत. माझ्या मते केन्सच्या प्रश्नाला हायेकला उरलेल्या आयुष्यातही पुरतं उत्तर सापडलं नाही. १९६० च्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’मध्ये त्याने पाचशेच्या वर पानं खर्चून प्रयत्न केला. ते पुस्तक थोर आहे, पण पहिल्या वर्षात वाचायचं नाही.

आता रँड. तिच्या विचारांमागचं आयुष्य कळलं नाही तर ती नुसती कर्कश वाटते. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या अलिसा रोझेनबॉमने वडिलांचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी जप्त केलेलं डोळ्यांनी पाहिलं. १९२६ साली ती अमेरिकेत आली ती कायमची. म्हणून तिच्या कादंबऱ्यांतली मी आधी ‘वी द लिव्हिंग’ सुचवेन, १९३६ ची. पेट्रोग्राडमधल्या रांगा, शिधापत्रकं, वर्गशत्रूंच्या मुलांना विद्यापीठातून हाकलणं हे तिने जगलेलं आहे आणि तिची पात्रं इथे अजून माणसं आहेत. त्यातला कम्युनिस्ट आंद्रेई हा तिने रंगवलेल्या सगळ्या विरोधकांत सर्वांत सन्माननीय. पुढे तिला असा विरोधक जमला नाही. ‘अ‍ॅटलस श्रग्ड’पर्यंत येताना विरोधक सगळे ढिले, घामट आणि लाचार झालेले असतात.

१९५७ सालची ‘अ‍ॅटलस’ अकराशे पानांच्या वर जाते आणि त्यात नायक जॉन गॉल्टचं रेडिओवरचं एक भाषण साठेक पानं चालतं. प्रकाशक बेनेट सर्फने ते कापायला सांगितलं, तेव्हा बायबल कापाल का असं तिने विचारलं, ही आठवण सर्फनेच सांगून ठेवली आहे. कर्तबगार माणसांनी संप केला तर जगाचं काय होईल ही कल्पना जबरदस्त आहे आणि रेल्वेची प्रकरणं आजही धरून ठेवतात. तिची सर्वांत जहरी चिरफाड डाव्यांनी केली असेल असं वाटतं, पण ती ‘नॅशनल रिव्ह्यू’ या अमेरिकन उजव्या नियतकालिकात व्हिटेकर चेंबर्सने केली.

ज्याला तिचा युक्तिवादच हवा आहे त्याने १९६४ चा ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ हा निबंधसंग्रह घ्यावा. त्यातले तीन निबंध पुरे: वस्तुनिष्ठवादी नीतीवरचा, माणसाच्या हक्कांवरचा आणि सरकारच्या स्वरूपावरचा. तिचं सरकार पोलिस, सैन्य आणि न्यायालयं यांपलीकडे जात नाही, आणि त्याचा खर्चही सक्तीच्या करातून नको, लोकांनी स्वखुशीने द्यावा असं ती म्हणते. पहिला निबंध वाचताना एका जागी थांबा. स्वतःचं जगणं हे मूल्यांचं माप मानलं, तर दुसऱ्याच्या हक्कांचा मान राखणं माझ्यावर कसं बंधनकारक होतं? रँड म्हणते, बुद्धीने जगणाऱ्या माणसांच्या हितांत झगडा नसतोच. रॉबर्ट नोझिक या हार्वर्डच्या तत्त्वज्ञाने १९७१ साली एका लेखात ही साखळी कडी-कडी सुटी करून पाहिली. तिचे बरेचसे निष्कर्ष त्याला पटत होते, पण तिथवर नेणारी वाट त्याला सापडली नाही. रँडच्या भक्तांनी आजवर दिलेल्या उत्तरांनी माझंही समाधान झालेलं नाही.

तिच्या भोवतीचा गोतावळा हा वेगळाच विषय. अ‍ॅलन ग्रीनस्पॅन त्यातलाच. पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख झालेल्या या गृहस्थाचे निबंध तिच्या १९६६ च्या ‘कॅपिटलिझम: द अननोन आयडियल’मध्ये आहेत. व्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा घेतलेल्या या वर्तुळात गुरूशी मतभेद चालत नसे. १९६८ साली तिचा सर्वांत जवळचा शिष्य नॅथॅनिएल ब्रँडन याची हकालपट्टी झाली तेव्हा इतरांना बाजू निवडावी लागली. जेनिफर बर्न्सचं ‘गॉडेस ऑफ द मार्केट’ हे २००९ चं चरित्र हे सगळं भक्ती आणि द्वेष दोन्ही टाळून सांगतं.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांत सर्वांत व्यवहारी. १९६२ च्या ‘कॅपिटलिझम अँड फ्रीडम’मध्ये शाळांसाठी व्हाउचर आहे, आणि ठरावीक पातळीखालच्या उत्पन्नाला कर लावण्याऐवजी उलट रोख रक्कम देण्याची योजनाही आहे. १९५५ साली तो दिल्लीला येऊन भारत सरकारला एक टिपण देऊन गेला होता. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर आपली असहमती नोंदवली. दोघांचंही कुणी ऐकलं नाही.

नोझिकचं ‘अ‍ॅनार्की, स्टेट, अँड युटोपिया’ (१९७४) हे या परंपरेतलं तात्त्विक अंगाने सर्वांत तालेवार पुस्तक. विभागातला त्याचा सहकारी जॉन रॉल्सने तीन वर्षांपूर्वी समतेच्या बाजूने ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ लिहिलं होतं. हे त्याला उत्तर. यात बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन येतो. तुम्हाला जे न्याय्य वाटतं ते वाटप आधी करून टाका. मग दहा लाख प्रेक्षक त्याचा खेळ पाहायला स्वखुशीने तिकिटामागे २५ सेंट जास्त देतात. त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात, समता मोडते. अन्याय नेमका कुठे झाला? वाचक इथे अडखळतोच. मात्र नोझिक आणखी एक गोष्ट कबूल करतो, जी त्याचे चाहते सोयीने विसरतात: मालमत्ता मुळात अन्यायाने मिळवलेली असेल तर तो अन्याय दुरुस्त करावा लागेल. १९८९ साली त्याने आपली जुनी भूमिका अपुरी असल्याचंही लिहिलं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डला असली शंका कधी शिवली नाही. १९७३ च्या ‘फॉर अ न्यू लिबर्टी’त पोलिस आणि न्यायालयंसुद्धा खासगी आहेत. तर्क कुठवर ताणता येतो हे पाहायला वाचावं, नंतर कधीतरी.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून घडले, आणि स्पेन्सरचं १८८४ चं ‘द मॅन व्हर्सेस द स्टेट’ अमेरिकेतले लिबर्टेरियन आजही छापतात. मिल ‘ऑन लिबर्टी’ प्रसिद्ध होण्याआधी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि त्या पुस्तकातलं स्वातंत्र्य त्याने मागास समाजांना लागू केलं नाही. आपण त्या यादीत होतो. मुंबईचे गिरणीमालक रणछोडदास लोटवाला यांनी विशीच्या दशकात तरुण डांग्यांना मार्क्सवादी ग्रंथ आणि पैसा पुरवला. पन्नाशीच्या दशकात त्यांच्याच संस्थेतून ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे नियतकालिक निघत होतं. राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष १९५९ चा. १९६७ साली लोकसभेत त्याच्या ४४ जागा होत्या.

पण या सगळ्यांना सर्वांत नेमका प्रश्न विचारला तो डॉ. आंबेडकरांनी, १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये. राज्यसंस्था मागे सरली की मोकळीक कुणाला मिळते? खंड वाढवायची जमीनदाराला, कामाचे तास वाढवायची मालकाला. पोटासाठी हक्क गहाण टाकावा लागतो त्या माणसाचं स्वातंत्र्य कसलं? त्यांचा उपाय, शेतजमीन आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे, मला हायेक वाचल्यावर पटत नाही. त्यांचा प्रश्न मात्र रँड वाचल्यावरही तसाच उभा राहतो, आणि त्याच्या सर्वांत जवळ येतं ते नोझिकचं दुरुस्तीचं कलम. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला जमीन का नव्हती, हे विचारल्याशिवाय इथे खासगी मालमत्तेचं समर्थन पुरं होत नाही.

हायेकचा तो बारा पानांचा निबंध आणि बास्तियाचं सगळं लिखाण इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ महाराष्ट्र शासनाने छापलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे. आधी हे तिघे वाचा, मग ‘वी द लिव्हिंग’, मग नोझिक. ‘अ‍ॅटलस’ला हात लावायची घाई नको.